हिरवळीत रोवलेली पहार

मी एक पहार बोलतेय. इकडेतिकडे बघू नका. आखिमच्या घरामागच्या हिरवळीत गुडघाभर रोवलेली, उन्हापावसाने तांबूस झालेली ती मीच. उंचीने आखिमएवढी. एक टोक चपटं, एक अणकुचीदार. वजन असं की उचलणाऱ्याने आधी बोलणं थांबवावं. रूप म्हणाल तर नाही. पण मला ऐकू येतं. लोखंडाला ऐकू येतं हे तुम्हाला पटणार नाही. आखिमला पटतं, आणि माझं तेवढ्यावर भागतं.

माझा जन्म कोळशाच्या खाणीतल्या लोहारखान्यात झाला. लोहाराने तापवून, ठोकून, पाण्यात बुडवून मला बाहेर काढलं, दगडावर एकदा आपटून माझा आवाज ऐकला आणि म्हणाला, "ही वाजते चांगली." त्या एका वाक्यावर माझं आयुष्य ठरलं. मी खणायला गेले नाही. मला छत वाजवायचं काम मिळालं.

छत वाजवणं म्हणजे काय, ते सांगते. पाळी सुरू व्हायच्या आधी एक माणूस बोगद्यात पुढे जातो आणि डोक्यावरच्या दगडावर पहारीने ठोकतो. मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात ना, तसंच. आवाज खणखणीत आला तर खाली उभं राहायचं. बद्द आला तर मागे सरायचं आणि तो सैल दगड आधी पाडून टाकायचा. एवढ्याशा कामावर पंधरा-पंधरा माणसांचे जीव अवलंबून असायचे, आणि ती माणसं तोवर शांतपणे पाव खात बसलेली असायची. मला त्यांचं कौतुक वाटे. आजही वाटतं.

आखिम बावीस वर्षांचा असताना मी त्याच्या हाती आले. काटकुळा पोरगा, कान मोठे. त्याचा जोडीदार एर्विन त्याला चिडवायचा, "तुला पहारीची गरजच नाही रे, नुसते कान टेकव." दोघांनी मला अकरा वर्षं वापरलं. मी बद्द म्हटलं की ते मागे सरायचे. एकदाही माझ्यावर त्यांनी अविश्वास दाखवला नाही.

मग तो नोव्हेंबर आला. त्या दिवशी छत खणखणीत वाजलं होतं, माझी शपथ. पण दगडात फार खोल कुठेतरी ताण साठलेला असतो आणि तो कुठल्या क्षणी सुटेल हे पहारीलाही कळत नाही. जमीन एकदाच हादरली. बोगदा बसला. आखिम गायीच्या गव्हाणीएवढ्या जागेत अडकला, मी त्याच्या छातीवर आडवी. एर्विन पलीकडे, जरा खालच्या अंगाला, मधे दगड. आखिमने मला दगडावर आपटून पाच ठोके दिले. पलीकडून पाच आले. पुन्हा पाच, पुन्हा पाच. बऱ्याच वेळाने पाचाला तीन आले. मग एकही आला नाही. दूषित हवा जड असते, ती खालच्या अंगाला साचते. आखिमला ते माहीत होतं. तरी तो ठोकत राहिला.

एकोणसाठ तास. शेवटी शेवटी त्याच्या हातात माझं वजन पेलायचं बळ नव्हतं. त्याने माझं एक टोक दगडाला टेकवलं, दुसरं कपाळाला लावलं आणि पडून राहिला. आणि मग माझ्या अंगातून तो आवाज आला. खर्र, खर्र, थांब. खर्र, खर्र, थांब. कोणीतरी खणत होतं. यंत्र लावलं असतं तर उरलेलं छतही बसलं असतं, म्हणून माणसं पोटावर आडवी होऊन हातांनी, आखूड फावड्यांनी माती मागे सारत येत होती. मी दगडाचे सगळे आवाज ऐकलेत, पण त्या आवाजासारखा आवाज नाही. आखिम कोरड्या ओठांनी पुटपुटला, "देव भलं करो." जमिनीखाली माणूस माणसाला भेटला की आमच्याकडे हेच म्हणतात.

वरती त्या तीन दिवसांत काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. मी खालची. पुढे किती तरी वर्षं मी हेच धरून चालले होते की ते एकोणसाठ तास फक्त आम्हा दोघांचे, त्याचे आणि माझे.

आखिम पुढे नऊ वर्षं खाणीत गेला. मग खाण बंद झाली. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने काहीतरी आठवण नेली. कोणी दिवा नेला, कोणी नंबराचा बिल्ला. आखिमने मला खांद्यावर टाकलं आणि ट्रामने घरी आणलं. कंडक्टर तिकीट फाडावं की नाही या विचारात पडला होता. दार उघडलं त्याच्या बायकोने, त्रूदाने. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लोकांचे नवरे निवृत्त झाले की घड्याळ घेऊन येतात."

"घड्याळही मिळालंय."

"मग ते आत आण. हिला कोळशाच्या खोलीत ठेव."

तिने मला घरात येऊ दिलं नाही, आणि मला पाहताना तिचा चेहरा का उतरला ते तेव्हा मला कळलं नाही. कोळशाच्या खोलीत मी सशांच्या आणि मोडक्या सायकलीच्या सोबतीने बरीच वर्षं काढली. हिवाळ्यात पायरीवरचा बर्फ फोडायला मला बाहेर काढत. बाकी वेळ सशाच्या पिंजऱ्याचं दार वाऱ्याने उघडू नये म्हणून मी टेकून उभी. छत वाजवणाऱ्या पहारीला सशांची राखण! पण तक्रार कोणाकडे करणार?

आता या हिरवळीबद्दल. ती त्रूदाची. आखिमच्या छातीत कोळशाची धूळ बसलेली, चार पावलं चालला की भात्यासारखा आवाज करायचा, तेव्हा बागेचं सगळं तिच्याकडेच होतं. गवत कापायची, किनारी कात्रीने सारख्या करायची, शेजारचं मांजर चाललं तरी खिडकीतून ओरडायची. आणि या वर्षी तर नात एमिल्का चर्चमध्ये पहिल्यांदा प्रभुभोजनाचा प्रसाद घेणार होती. मे महिन्यातला दुसरा रविवार. चर्चमधून आल्यावर चोवीस माणसांचं जेवण याच हिरवळीवर, पांढऱ्या चादरी अंथरलेल्या टेबलांवर. एमिल्काचा पांढरा झगा कपाटाबाहेर टांगून झाला होता. त्रूदाच्या डोळ्यांसमोर तो दिवस मिनिटामिनिटाने ठरलेला होता.

ईस्टर होऊन चार दिवस झाले, आणि सकाळी तिची हाक ऐकू आली.

"आखिम! ऊठ रे म्हाताऱ्या! हे बघ काय झालंय!"

हिरवळीच्या मधोमध काळ्याभोर मातीचा ढीग. दुसऱ्या दिवशी तीन. रविवारपर्यंत अकरा.

तो क्रेत होता. चिचुंद्रीचा लांबचा भाऊबंद म्हणा, पण सगळं आयुष्य जमिनीखाली. अंगावर काळी मखमल, डोळे असून नसल्यासारखे, आणि हात फावड्यासारखे, तळवे बाहेर वळलेले. मुठीत मावेल एवढा जीव. गवताचं मूळ तो खात नाही, त्याला हव्यात अळ्या आणि गांडुळं. पण बोगदा खणला की माती कुठेतरी टाकावी लागतेच. तो ती वर टाकतो.

त्रूदा त्या ढिगांना ढीग म्हणत नसे. थडगी म्हणे. "आज आणखी दोन थडगी," असं म्हणून खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. एरवी शेजारणीशी भांडताना मागे न हटणारी बाई, पण त्या मातीला हात लावायची नाही. आखिमने फावड्याने सपाट केल्याशिवाय कपडे वाळत घालायला बाहेर यायची नाही.

"काहीही कर," तिने आखिमला सांगितलं, "पण त्या रविवारी मला इथे एकही थडगं दिसता कामा नये. मार, हाकलून दे, काय करायचं ते कर. नाहीतर मी जेवण हॉटेलात ठेवते आणि तू घरी बस."

मग उपाय सुरू झाले. ते ऐकून तुम्हीही हसाल. आधी बिळांत लसूण. क्रेतला लसणीचं वावडं असतं म्हणे. या क्रेतला नव्हतं. मग हेरिंग माशांची डोकी; त्याने क्रेत गेला नाही, गल्लीतली सगळी मांजरं मात्र आली. मग शेजारी हुबर्टच्या कुत्र्याचे केस. मग कपडे धुतलेलं साबणाचं पाणी. प्रत्येक उपायानंतर दुसऱ्या दिवशी नवा ढीग, आधीच्यापेक्षा टुमदार. मग आखिमने कोळशाच्या खोलीतून मला बाहेर काढलं, सरबताच्या निळ्या प्लास्टिकच्या बाटलीला कात्रीने पंख कापले, तारेने ती माझ्या डोक्यावर बसवली आणि मला हिरवळीत रोवलं. वारा आला की बाटली फिरते, खडखडते, तो खडखडाट माझ्यातून जमिनीत उतरतो आणि क्रेत पळून जातो, अशी कल्पना.

बाटली भयंकर बडबडी. वाऱ्याची झुळूक आली की सुरू. पण या सगळ्यांना एक गोष्ट सुचलीच नव्हती. लोखंडातून आवाज खाली जातो, तसा वरही येतो.

पहिल्याच दिवशी माझ्या टोकाला ते जाणवलं. खर्र, खर्र, थांब.

मी गोठले. इतक्या वर्षांनी! माझ्यापासून हातभर अंतरावर कोणीतरी खणत होतं. एक हात पुढे, माती बाजूला, दुसरा हात पुढे, माती बाजूला. मग वळून ती सगळी माती डोक्याने रेटत वर नेणं, आणि पुन्हा खाली येऊन कामाला लागणं. त्याला दिवा नाही. छत वाजवून बघायला कोणी नाही. सोबतीला जोडीदार नाही. खाली हवा किती थोडी, आणि तो ती पुरवून पुरवून वापरत, स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट माती उचलत होता. मी खाणीत तीनशे माणसांची पाळी पाहिली आहे, त्यांची यंत्रं पाहिली आहेत. पण मुठीएवढ्या जिवाचं हे काम ऐकताना मला माझ्या वजनाची लाज वाटली.

आणखी एक. तो सारखा खणत नसे. चार तास काम, मग चार तास झोप. चोवीस तासांत तीन वेळा. तीन पाळ्या! अगदी आमच्या खाणीसारख्या. पहाटे पाचला सुरू, नऊला सुट्टी. पुन्हा एक वाजता सुरू.

आखिमला ते कळलं एका सकाळी. ढीग सपाट करताना त्याला धाप लागली, म्हणून त्याने मला दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळ टेकवलं. तो तसाच राहिला. धाप बसली तरी राहिला. फावडं हातातून गळून पडलं ते त्याने उचललं नाही. मला त्याच्या कपाळाची शीर उडताना जाणवत होती.

"देव भलं करो," तो जमिनीकडे बघून म्हणाला.

त्या दिवसापासून आखिम रोज सकाळी पाचला बाहेर यायचा. त्रूदाला वाटे, म्हातारा क्रेतच्या मागे लागलाय. तिने त्याला थर्मासमधून कॉफी द्यायला सुरुवात केली. तो कॉफी प्यायचा आणि कपाळ टेकवून ऐकायचा. आणि एक लबाडीही केली त्याने. बाटलीच्या पंखांत जुना मोजा कोंबला. बाटली फिरायची बंद. त्रूदाने विचारलं तर म्हणाला, "वाराच नाही आज." अंगणात कपडे झेंड्यासारखे फडफडत होते.

"आखिम," ती म्हणाली, "दहाच दिवस राहिलेत."

"हो, हो. बघतोय मी."

"काय बघतोयस? रोज बघतोयस! थडगी एकवीस झालीत!"

मला त्याची घालमेल कळत होती. बायकोला शब्द दिलेला, एमिल्काचा दिवस तोंडावर आलेला. आणि खाली खणणारा तो. त्याला मारणं आखिमच्या हातून होणार नव्हतं, आणि का होणार नव्हतं हे त्याला बायकोला सांगता येत नव्हतं. एकोणसाठ तासांबद्दल तो घरात कधी एक शब्द बोलला नव्हता, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

शेवटी त्रूदानेच हुबर्टला हाक मारली.

हुबर्ट म्हणजे उत्साही माणूस. खाणीत कामगारांना दिवे देण्याच्या खोलीत कामाला होता, खाली फारसा उतरला नव्हता. दरवर्षी ईस्टरला हा दुधाच्या कॅनमध्ये कार्बाइड फोडून असा बार उडवतो की चर्चमधले पाद्री दचकतात. त्यातलं उरलेलं कार्बाइड, पाणी लागलं की गॅस सोडणारे ते खडे, घेऊन तो शनिवारी सकाळी साडेनऊला हजर. आखिम पाव आणायला गेला होता. हुबर्टने एक ढीग उकरला, बोगद्याचं तोंड मोकळं केलं, कार्बाइडचे चार-पाच खडे आत सरकवले, वर मातीचं ढेकूळ ठेवलं आणि पाण्याचा पाईप आणायला नळाकडे गेला. पाण्याची गरजही नव्हती. माती ओली होती. खडे आत फसफसायला लागले होते. लसणीसारखा उग्र वास माझ्या टोकापर्यंत आला. वायू बोगद्यातून सरकत होता, आणि क्रेतची सुट्टीची वेळ. तो आत घरट्यात झोपला होता.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. त्या वेळी मला नुसतं रोवलेलं असण्याचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नाही.

फाटकातून आखिम आला. हातात पावाची पिशवी. त्याने एकदाच वास घेतला.

"काय टाकलंस?"

"कार्बाइड!" हुबर्ट खुशीत म्हणाला. "आता बघ, पाच मिनिटांत खलास. एमिल्काच्या नावाने चांगभलं!"

"गॅस?" आखिमचा आवाज मला ओळखू येईना. "बोगद्यात गॅस सोडलास? खाणीतला माणूस ना रे तू?"

"अरे, क्रेत आहे तो! माणूस आहे काय?"

आखिमने पिशवी टाकली, मला दोन्ही हातांनी धरलं आणि एका हिसक्यात उपटलं. बाटली उडून कुंपणात पडली. त्याने माझं चपटं टोक गवतात घातलं आणि बोगद्याचं छत फोडायला लागला. मोकळी हवा आत जायला हवी होती. कुठून कुठे बोगदा जातो हे त्याला पाठ होतं, रोज ऐकलेलं. तो रेटत गेला, गवताचे तुकडे उलटे पडत गेले, सात पावलं, दहा पावलं. मधेच गुडघ्यावर बसून त्याने फसफसणारे खडे उघड्या हातांनी बाहेर काढून लांब फेकले. छातीतून शिट्टी वाजत होती. हुबर्ट म्हणत होता, "अरे थांब, मरशील!" पण जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती. आणि मी? मी कामावर होते. किती वर्षांनी!

त्रूदा पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. हिरवळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा चर पडला होता. मधे तिचा नवरा चिखलात बसला होता.

"नांगर घातलास," ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "माझ्या हिरवळीत नांगर घातलास! आठ दिवसांवर पोरीचा दिवस आलाय, आणि तू... वेड लागलंय का तुला?"

आखिमला बोलायला श्वास नव्हता. त्याने मला चराच्या शेवटी, घरट्याच्या बाजूला रोवलं आणि कपाळ टेकवलं. मग डोकं उचललं. पुन्हा टेकवलं.

"त्रूदा. इकडे ये."

"मी नाही येत. आधी सांग, हे काय..."

"मला माझा श्वासच ऐकू येतोय. दुसरं काही ऐकू येत नाही. तू ऐक."

"काय ऐकू?"

"तो आहे का ते."

तिने हुबर्टकडे पाहिलं. हुबर्ट पाईप गुंडाळत म्हणाला, "मी निघतो, घरी चुलीवर काहीतरी ठेवलंय." आणि निघून गेला. त्रूदा आली. माझ्याकडे तिने इतकी वर्षं नीट पाहिलंही नव्हतं. तिने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि जरा घाबरतच माझ्यावर कपाळ टेकलं. माझं लोखंड तिला गार लागलं असावं, ती शहारली.

"काही नाही."

"थांब. त्याची पाळी एक वाजता सुरू होते."

"कोणाची पाळी? आखिम, अरे..."

"थांब, त्रूदा. एवढं माझं ऐक. घरी जाऊ नकोस."

या शेवटच्या शब्दांनी तिला काय झालं कोण जाणे. ती गवतावर बसली, चिखलात, चांगला स्कर्ट घालून. दहा वाजले, अकरा वाजले. ती मधूनमधून कपाळ टेकवायची, मान हलवायची. चर्चची बाराची घंटा झाली. स्वयंपाकघरातून मांसाच्या गुंडाळ्या करपल्याचा वास आला.

"रोलाडं," आखिम म्हणाला.

"करपू देत."

एक वाजला. मी माझं सगळं लोखंड एकवटून ऐकत होते. खाली काही हालत नव्हतं. सव्वा वाजला. आखिमने डोळे मिटून घेतले. त्याचे भाजलेले, पांढरे पडलेले तळवे मांडीवर उताणे पडले होते. त्रूदा मात्र उठली नाही. दोन्ही हातांनी मला घट्ट धरून ती ऐकत राहिली. एकाच गोष्टीसाठी इतकी आसुसलेली दोनच माणसं मी पाहिली. एक तेव्हा खाली अडकलेला आखिम, आणि एक ही.

दीड वाजून गेला, आणि माझ्या टोकाला काहीतरी शिवलं.

खर्र.

त्रूदाने कपाळ आणखी घट्ट दाबलं.

खर्र, खर्र. थांब. खर्र, खर्र. थांब.

"आहे," ती म्हणाली. मग मोठ्याने, "आखिम! आहे रे! कोणीतरी आहे खाली! खणतंय!"

आणि ती रडायला लागली. माझ्यावर डोकं ठेवून, आवाज न आवरता.

"असा आवाज यायचा?" तिने विचारलं. "तुला? असाच?"

"असाच."

"ते म्हणाले, आवाज नाही. तीन दिवस मी खाणीच्या फाटकावर उभी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब आला, टोपी हातात, म्हणाला, खालून काही आवाज येत नाही, बाई, तुम्ही घरी जा. आणि मी गेले. घरी गेले, आखिम. माझा निळा झगा काढला आणि सुतकासाठी काळ्या रंगाच्या बादलीत बुडवला. तू खाली ठोकत होतास आणि मी इथे बसून झगा काळा करत होते. मी तुला पुरलंच होतं." तिने हिरवळीकडे हात केला. "रोज सकाळी उठून हे दिसतं मला. मातीचे ताजे ढीग. एर्विनचा एक, आणि बाकीचे सगळे तुझे."

तर वरती हे झालं होतं. मला वाटायचं, ते तास दोघांचे. ते तिघांचे होते, आणि ती तर अजून तिथेच होती.

आखिमने बराच वेळ श्वास जमवला.

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"झग्याचं. इस्पितळात तू हातमोजे घालून मला सूप पाजायचीस. तीन आठवडे. एकदा हातमोजा काढलास, तर नखं काळी होती तुझी. सुपात बोट बुडलं, तर सूपही काळं झालं. मी बेशुद्ध नव्हतो, त्रूदा. नुसता दमलो होतो."

"इतकी वर्षं माहीत होतं? मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलू? निळा झगा परत दे म्हणून?"

ती हसली की रडली ते मला कळलं नाही. माझ्यापर्यंत नुसता हादरा पोचला. मग आखिमने वाकून जवळच्या ढिगातली मूठभर माती घेतली आणि तिच्या हातात ठेवली.

"थडगी नाहीत ही. थडग्यात माती आत लोटतात. ही बाहेर आलीय. खाली कोणी जिवंत असल्याशिवाय माती बाहेर येते का?"

त्रूदाने मूठ मिटली. पहिल्यांदाच त्या मातीला हात लावला होता तिने.

ठरलेल्या रविवारी चोवीस माणसं याच हिरवळीवर जेवली. चर बुजवला होता, पण दिसत होता. ढीग तेवीस होते आणि एकही सपाट केला नव्हता. टेबलं त्यांच्या मधून मांडली होती, वाकडीतिकडी. एका टेबलाचा पाय बोगद्यात रुतला आणि हुबर्टच्या मांडीवर लाल कोबी सांडला. त्याबद्दल कोणालाही वाईट वाटलं नाही. एमिल्काने पांढऱ्या झग्यानिशी गुडघे टेकून माझ्यावर कपाळ ठेवलं, झग्याला हिरवे डाग पडले, तिची आई ओरडणार एवढ्यात त्रूदा म्हणाली, "गप्प बसा सगळे. पोरीला ऐकू द्या." चोवीस माणसं चमचे हातात धरून गप्प बसली. सगळी खाणकामगारांच्या घरची माणसं होती. का, ते कोणी विचारलं नाही.

आता माझ्या डोक्यावर बाटली नाही. गंज चढत चाललाय. जमिनीत जिथे शिरले आहे तिथे मी बारीक होत चालले आहे, काही वर्षांनी एखाद्या वाऱ्याने मोडूनही पडेन. आखिम अंथरुणाला लागलाय, त्याला बाहेर येणं होत नाही. पहाटे पाचला त्रूदा येते, थर्मास घेऊन, कपाळ टेकवते आणि आत जाऊन त्याला सांगते. मला एवढंच मागायचंय. घर विकलं जाईल, नवी माणसं येतील, गवतात हे लोखंड कशाला, म्हणतील. त्यांनी मला उपटण्याआधी एकदा, एकदाच, कपाळ टेकवून बघावं. खाली काम चालू आहे.